आधी शाळेने तयार व्हावं

मैत्रिणींनो, आज मी भांडायला बसले आहे, तेव्हा आधीच सांगून ठेवते. राग आला तर येऊ द्या, पण शेवटपर्यंत वाचा.

नवं सत्र जवळ आलं की आपल्या टावर चौकात आणि फ्रीगंजच्या गल्ल्यांत ‘प्रवेश प्रारंभ’चे बोर्ड लागतात. प्ले ग्रुप, नर्सरी, केजी वन, केजी टू. बोर्डावर फुगे असतात, फुलपाखरं असतात, हसणारं मूल असतं. मग युनिफॉर्मच्या दुकानात रांग लागते आणि ‘कोर्स’ घरी येतो. तो कोर्स एकदा उघडून बघा. मूल तीन-साडेतीन वर्षांचं, आणि वह्या किती? इंग्रजीची वेगळी, हिंदीची वेगळी, गणिताची वेगळी, शिवाय ठिपके गिरवायची. बोर्डावर ‘प्ले’ लिहिलं आहे, पण दप्तरात खेळ औषधालासुद्धा नाही. दुकानावर मिठाईची पाटी लावून आत कडू काढा विकला तर आपण त्या दुकानदाराला सोडू का? इथे मात्र आपण फी भरून वर ‘होमवर्क कमी देतात हो’ अशी तक्रार करतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं. मुलाला शाळेसाठी तयार करायचं, हा सगळा उलटा कारभार आहे. शाळेने मुलासाठी तयार व्हायला हवं. ती होत नाही याचं निम्मं कारण शाळेच्या आत आहे आणि निम्मं गेटबाहेर. गेटबाहेर उभी असलेली आई, आजी रोज एकच प्रश्न विचारते, “आज काय लिहिलं?” जो प्रश्न रोज विचारला जातो, त्याचंच उत्तर शाळा तयार ठेवते.

आधी हाताचं बघू. आपल्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती हाडं नसतातच, नुसती कूर्चा असते. पुढे ती एकेक करून धरत जातात. तिसऱ्या वर्षी जेमतेम तीनएक हाडं धरू लागलेली असतात आणि शेवटचं तर आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान कधीतरी धरतं. अशा कोवळ्या हातात पेन्सिल देऊन ‘रेघेच्या बाहेर जाऊ नको’ म्हणायचं, ही कसली विद्या? त्या हाताला आधी कणीक मळू द्या, मटार सोलू द्या, ओल्या मातीचे गोळे करू द्या, दोऱ्यात मणी ओवू द्या, एका वाटीतून दुसऱ्या वाटीत पाणी ओतू द्या. बोटांत जोर आणि पकड आली की पेन्सिल आपोआप धरली जाते. हे आपल्याला ठाऊक नाही असं नाही. पोळी लाटायला शिकवताना आपण मुलीच्या हातात आधी लहानसा गोळा देतो, गोल पोळीचा हट्ट धरत नाही. स्वयंपाकघरात जी अक्कल आपल्याकडे आहे, ती शाळेच्या ऑफिसात गेलं की का हरवते?

आता मोजण्याचं. “आमची तर शंभरपर्यंत लिहिते,” असं कौतुक कितीदा तरी ऐकायला मिळतं. त्या मुलीसमोर एक करून बघा. सात चिंचोक्यांची एक ओळ मांडा आणि तिच्याखाली तितक्याच चिंचोक्यांची दुसरी. तिच्याकडून ‘दोन्ही सारख्या’ असं वदवून घ्या. मग तिच्यादेखत खालची ओळ लांबवा, चिंचोके दूर दूर ठेवा आणि विचारा, “आता कुठे जास्त आहेत?” चार-पाच वर्षांची बहुतेक मुलं लांब ओळीकडे बोट दाखवतात. स्वित्झर्लंडच्या ज्याँ पियाजे यांनी असे प्रयोग पुष्कळ केले आणि हेच दाखवून दिलं. शंभरपर्यंत लिहिणाऱ्या मुलीला अजून सात म्हणजे काय हे उमगलेलं नाही. यात तिचा काही दोष नाही, तिचं वयच तसं आहे. सात म्हणजे काय हे तिला सागरगोटे, अष्टा-चंगा, सितोलिया यांतून कळेल. ताटं मांडताना, माणसं मोजून वाट्या ठेवताना कळेल. वहीतले आकडे नुसती चित्रं असतात. ते गिरवून हात दुखतो, गणित येत नाही.

‘खेळातून शिक्षण’ म्हटलं की कुणीतरी म्हणतंच, ही साहेबाच्या देशातली फॅशन. अजिबात नाही. ही गोष्ट आपल्या शेजारच्या गुजरातेत शंभर वर्षांपूर्वी उभी राहिली. भावनगरचे गिजुभाई बधेका आधी वकील होते. वकिली सोडून त्यांनी १९२० साली दक्षिणामूर्तीत बालमंदिर सुरू केलं. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातला मास्तर वर्गात जातो आणि पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून गोष्टी सांगायला लागतो, खेळ घेतो. वरचे अधिकारी आणि आईबाप आधी हसतात, मग चिडतात आणि शेवटी गप्प बसतात, कारण मुलं शिकलेली असतात. गिजुभाईंची पुस्तकं हिंदीत आणली ती आपल्या माळव्यातले गांधीवादी कार्यकर्ते काशिनाथ त्रिवेदी यांनी. म्हणजे हा विचार आपल्या भाषेत आणि आपल्या मुलखात केव्हाच येऊन बसला आहे. आपण त्याला घरात घेतलं नाही, एवढंच.

मराठीत हे काम दोन बायांनी केलं. बायांनी केलं, हे मी मुद्दाम सांगते. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाईंबरोबर होत्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला आणि १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं. तिथे त्यांना येऊन मिळाल्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य, असं अनुताईंचं आयुष्य सुरू झालं होतं. त्या काळी अशा मुलीने कोपऱ्यात बसायचं असे. ही मुलगी शिकली, शिक्षिका झाली आणि पुढे डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये तिने जन्म काढला.

आता या दोघींनी केलं काय, ते नीट ऐका. बोर्डीत बालवाडी काढली, पण दलित वस्तीतली मुलं तिथवर येईनात. आजची एखादी शाळा असती तर म्हणाली असती, “पालकांना जाणीवच नाही.” या दोघींनी बालवाडीच उचलली आणि वस्तीतल्या अंगणात नेऊन मांडली. अंगणात भरणारी, म्हणून अंगणवाडी. पुढे कोसबाडला पाहिलं की मोठी मुलं गुरांमागे जातात, म्हणून वर्ग कुरणात नेला. तिचं नाव कुरणशाळा. मोठी बहीण धाकट्या भावाला कडेवर घेऊन बसते म्हणून तिची शाळा बुडते, हेही दिसलं. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या आणि तिला विकासवाडी म्हटलं. तान्हं मूल पाळण्यातून बालवाडीत आणि बालवाडीतून पहिलीत जाणार, ते ओळखीच्याच अंगणातून, ओळखीच्याच माणसांमधून. खेळणी कुठली? बिया, पानं, शिंपले, माती, बांबूचे तुकडे. पैसा कमी होता, पण मुलाला रडवत आत ओढायचं आणि दार लावून घ्यायचं, असला प्रकार नव्हता. शाळा मुलाकडे चालत गेली. मूल शाळेला कसं रुळवायचं या प्रश्नाचं इतकं सरळ उत्तर दुसरं मला माहीत नाही.

आणि ज्यांना सरकारी कागदाशिवाय पटत नाही, त्यांच्यासाठी कागदही आहे. १९९३ साली प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने ओझ्याविना शिक्षणाचा अहवाल दिला आणि नर्सरीच्या प्रवेशासाठी मुलांच्या परीक्षा, मुलाखती घेणं बंद करा असं स्पष्ट सांगितलं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच सलग टप्पा मानला. म्हणजे बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी मिळून एक, मध्ये भिंत नाही. पहिलीत जाण्याचं वय सहा पूर्ण. २०२१ साली पहिलीच्या सुरुवातीला तीन महिने फक्त खेळातून शाळेची ओळख करून द्यायचा ‘विद्या प्रवेश’ कार्यक्रम आला. २०२२ च्या आराखड्याने म्हटलं की या टप्प्यावर लेखी परीक्षा सर्वथा अयोग्य आहेत आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना पाठ्यपुस्तक लावूच नये. २०२३ साली ‘जादुई पिटारा’ नावाची खेळण्यांची पेटीसुद्धा निघाली. कागदावर सगळं आहे. तुमच्या नातवाच्या शाळेत यातलं काय पोचलं, ते मात्र तुम्हीच जाऊन विचारायचं आहे.

उज्जैनच्या मराठी घरांची आणखी एक अडचण आहे, ती पुण्या-सोलापूरच्या लोकांना कळायची नाही. आपलं मूल घरात मराठी बोलतं, गल्लीत हिंदी, आणि शाळेत त्याला एकदम इंग्रजी ऐकावी लागते. माझ्या मैत्रिणीच्या नातीला एका शाळेत प्रवेशाच्या ‘इंटरॅक्शन’ला नेलं होतं. वय साडेतीन. मॅडमनी मांजराचं चित्र पुढे धरलं, “व्हॉट इज धिस?” पोर खुलली. “मनीमाऊ! आमच्या गच्चीवर आहे. तिला चार पिल्लं झाली, तीन पांढरी आणि एक काळं. काळं दूध पितच नाही.” मॅडमनी दोनदा तोच प्रश्न विचारला. पोरगी दोनदा आनंदाने तेच सांगत बसली. कागदावर शेरा आला, ‘नॉट रेडी’. वर सूनबाईंना सल्ला मिळाला, “घर पे मराठी बंद कर दीजिए.”

आता मला सांगा, तयार कोण नव्हतं? त्या लेकराने मोजलं, रंग सांगितले, वेगळेपण हेरलं, एका पिल्लाची काळजीसुद्धा केली. एवढं सगळं तिने एका दमात दिलं आणि समोरच्या बाईंकडे ते घ्यायला कान नव्हते. ‘नॉट रेडी’ची चिठ्ठी शाळेच्या गळ्यात बांधायला हवी होती. त्या रात्रीपासून त्या घरात आजी नातीशी मोडक्या इंग्रजीत बोलू लागली. आजीची गोष्ट बंद, गाणं बंद, बोलणं अर्ध्यावर. एका शेऱ्याने एका घरातला आवाज बंद केला. ज्या मुलाला घरच्या भाषेत भरपूर शब्द येतात, त्याला दुसरी भाषा सोपी जाते. नवं धोरणसुद्धा शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा म्हणतं. तेव्हा घरातली मराठी बंद करणारी शाळा सल्ला देत नसते, नुकसान करत असते.

आता तुमचे आक्षेप. मला ते पाठ आहेत.

पहिला: “आम्ही नाही का पाटी गिरवून शिकलो? काय बिघडलं आमचं?” आजी, तुम्ही पहिलीत गेलात तेव्हा वय पाच-सहा होतं. त्याआधी तुम्ही काय करत होतात? वाड्यात चुलत-मावस दहा भावंडांत हुंदडत होतात. मातीत भातुकली, पावसात कागदाच्या होड्या, रात्री गोष्टी. तुम्हाला खेळाची बालवाडी फुकट मिळाली होती. तिला कुणी बालवाडी म्हणत नव्हतं, एवढंच. आजचं मूल तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकटं आहे आणि त्याच्या हातात मोबाइल आहे. म्हणून खेळ आता मुद्दाम योजावा लागतो. तुम्हाला मिळालं ते त्याला द्या, एवढंच मागणं आहे.

दुसरा: “बाकीची मुलं पुढे जातील, आमचं मागे पडेल.” कुठे पुढे जातील? फिनलंडमध्ये सक्तीची शाळा सातव्या वर्षी सुरू होते. त्याआधी मुलं खेळतात, गोष्टी ऐकतात. तो देश काही अडाणी राहिलेला नाही. आणि ज्याला चौथ्या वर्षीच शाळेच्या नावाने पोटात दुखायला लागलं, सकाळी सातला ज्याचं रडणं सुरू होतं, त्याने चार अक्षरं आधी गिरवली म्हणून तो पुढे गेला म्हणायचं का?

तिसरा, खास आपल्या व्यापारी घरांतला: “खेळायलाच पाठवायचं तर एवढी फी कशाला?” हा हिशेब उलटा आहे. पंचवीस मुलांना एकच अक्षर गिरवायला लावून खुर्चीत बसणं सोपं काम आहे. पंचवीस मुलांना माती, पाणी, मणी, गोष्ट यांत गुंतवायचं, कोण कुठे अडलं हे बघायचं, दोघांचं भांडण बोलून मिटवायचं, याला कसब लागतं आणि तयारी लागते. खेळ म्हणजे मुलं मोकाट सोडणं नव्हे. चांगल्या बाई प्रत्येक खेळ कशासाठी मांडला आहे ते सांगू शकतात. फी द्यायचीच असेल तर या कसबाची द्या, छापील वह्यांची कशाला?

आपल्याच परंपरेकडे बघा ना. सांदीपनी आश्रमात आपण लेकरांना पाटीपूजनाला नेतो. पाटीवरचे अंक कृष्णाने तिथे धुतले म्हणून अंकपात, असं गावात सांगतात. पण हेही सांगतात की कृष्ण तिथे आला तेव्हा अकरा वर्षांचा होता. त्याआधीची सगळी वर्षं गोकुळात, सवंगड्यांत गेली होती. त्याच्या पाटीची आपण पूजा करतो आणि गोकुळ मात्र सोयीने विसरतो. आणि आपल्या जैन घरांत तर ऋषभदेवांची गोष्ट प्रत्येकीला ठाऊक आहे. ब्राह्मीला लिपी शिकवली, सुंदरीला अंक शिकवले, आणि ते दोघी लेकींना मांडीवर घेऊन. मांडीवर! आपल्या परंपरेतला पहिला वर्ग बापाच्या मांडीवर भरला आणि विद्यार्थिनी मुली होत्या. या गोष्टीचा आपण अभिमान बाळगतो, मग तीन वर्षांच्या पोरीला बाकावर हात बांधून बसवणारी शाळा आपल्याला चालते कशी?

आता काय करायचं, ते सांगते. नुसतं भांडून मी उठणार नाही.

प्रवेश घ्यायच्या आधी वर्ग बघायला मागा. ऑफिस नको, वर्ग. जमिनीवर बसायला जागा आहे का? मुलांच्या हाताला लागतील अशी खेळणी आहेत, की कपाटात कुलूपबंद आहेत? पहिले पंधरा दिवस आईला किंवा आजीला थोडा वेळ आत बसू देतात का, आणि वेळ एका तासापासून हळूहळू वाढवतात का? ‘नाही’ म्हणाले तर दहा जणी मिळून परत जा. एकटी आई गेली तर तिला समजावून परत पाठवतात. दहा आया गेल्या की नियम बदलतो.

पहिलीच्या बाईंना विचारा, पहिले तीन महिने खेळाचे आहेत का? ‘विद्या प्रवेश’ हे नाव घेऊन विचारा. नाव माहीत असलेल्या बाईला उडवून लावणं अवघड जातं.

घरी आल्यावर “काय लिहिलं?” विचारणं बंद करा. “आज कुणाबरोबर खेळलीस? कशाचं हसू आलं?” असं विचारा. महिनाभर आपण सगळ्यांनी हे केलं तर गेटवरची हवा बदलेल.

आपल्या समाजाच्या पाठशाळेतही हेच. लहानग्यांकडून सूत्रं पाठ करून घेतो आणि चुकलं की सगळ्यांसमोर टोकतो. तिथे गोष्ट सांगा, चित्र काढू द्या, मुंगी वाचवायचा खेळ खेळा. जीवदया ही पाठ करायची गोष्ट नाही, ती त्या वयात हातांनीच शिकली जाते.

आणि महिला मंडळाला माझी हात जोडून विनंती आहे. धर्मशाळेची एक खोली वर्षातले कितीतरी दिवस बंद असते. ती आठवड्यातून तीन दुपारी उघडा. माती, चिंचोके, मणी, जुन्या साड्यांची पडदा-बाहुली, चित्रांची पुस्तकं. भोपाळच्या एकलव्य संस्थेचं ‘चकमक’ मासिक १९८५ पासून निघतं आहे, ते लावा. दोन आज्या गोष्टी सांगायला बसतील. आणि ती खोली फक्त आपल्याच मुलांसाठी ठेवू नका. आपल्याकडे धुणी-भांडी करायला येणाऱ्या ताईंचं लेकरू अंगणवाडीतून थेट सरकारी पहिलीत जातं. त्यालाही हात आहेत, त्यालाही मनीमाऊची गोष्ट सांगायची असते. अंगणवाडीला दान द्यायचं तर ताटं आणि पंखे पुष्कळ झाले, आता खेळणी द्या.

आपण चार दानं मानतो: आहार, औषध, शास्त्र आणि अभय. शाळांना आपण ज्ञानदानाची मंदिरं म्हणतो आणि देणग्या देतो. पण तीन वर्षांचं मूल आईचं बोट सोडून अनोळखी दारात उभं राहतं, तेव्हा त्याला पहिल्यांदा अभय लागतं. कुणी रागावणार नाही, कुणी हसणार नाही, माझी भाषा इथे चालते, मला खेळता येतं. एवढं त्याला कळलं की ज्ञान घ्यायला ते स्वतःच हात पुढे करतं.

सत्र एक एप्रिलला सुरू होतं. त्याच्या आधी शाळेत जाऊन या.